भिंत हलते तेव्हा खिळा कुठे ठोकायचा?

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. भांडण तसं घरातलंच, पण चार लोकांनी ऐकावं असं वाटतं म्हणून इथे मांडतो. ज्याच्याशी भांडायचं तो आमचा पुतण्याही हे वाचणार आहे. त्याची परवानगी घेतली आहे. "लिहा नाना, पण माझी फार काढू नका," असं तो म्हणाला. बघू या कितपत जमतं ते.

तर झालं असं. पुतण्या अमेरिकेत ओहायोत असतो. गेल्या वर्षी त्याने एक 'ट्रॅव्हल ट्रेलर' घेतला. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो : चाकांवरचं एक छोटं घर. त्याला स्वतःचं इंजिन नसतं. आपल्याकडे ट्रॅक्टरला ट्रॉली जोडतात तसं ते मोठ्या गाडीच्या मागे जोडायचं आणि ओढत न्यायचं. आत पलंग, ओटा, शेगडी, फ्रीज, न्हाणीघर, सगळं. व्हिडिओ कॉलवर त्याने आतून फिरवून दाखवलं तेव्हा आमच्या सौ. म्हणाल्या, "आपल्या पहिल्या भाड्याच्या खोलीपेक्षा मोठं आहे हो!" होतंच.

सूनबाईंनी हौसेने भिंती सजवल्या. काचेच्या फ्रेममधला लग्नाचा फोटो, पंढरपूरहून नेलेला पितळी विठोबा, एक घड्याळ, चहाच्या कपांसाठी लाकडी फळी. पुतण्याने ड्रिल मशीन काढलं, स्क्रू पिळले, मोकळा झाला. पहिल्याच सहलीत तीन-चार तासांचा रस्ता कापून मुक्कामी पोचले, दार उघडून बघतात तर विठोबा जमिनीवर आडवा, लग्नाच्या फोटोची काच अंथरुणात, फळी लोंबकळते आहे आणि भिंतीला मुठीएवढं भगदाड. नशीब, धावत्या ट्रेलरमध्ये माणसांनी बसायचं नसतं, म्हणून आत कुणी नव्हतं.

त्याचा फोन आला तो तक्रारीचा. "नाना, भिंती एकदम तकलादू दिल्यात. एवढे पैसे घेतात आणि साधा खिळा धरत नाही."

माझा आक्षेप नेमका या वाक्याला आहे. भिंत तकलादू नाही. ती जेवढी असायला हवी तेवढी आहे. चूक खिळा ठोकणाऱ्याची आहे. आणि ही चूक एकट्या पुतण्याची नाही, आपल्या सगळ्यांची आहे. आपण पिढ्यान् पिढ्या एका जागी राहिलेली माणसं. भिंत दिसली की तिच्यावर भार टाकायचा, हे आपल्या हाताला वळणच पडलं आहे.

त्या भगदाडाचा फोटो मी मागवून घेतला आणि मोठा करून बघितला. (मी बी. ए. मराठीचा माणूस, पण म्हणून लाकूड कळत नाही असं कुठे आहे? आमच्या आळीत दोन सुतार होते आणि माझं निम्मं बालपण त्यांच्या भुशात गेलं.) आत काय होतं? वर फुलाफुलांचा कागद चिकटवलेलं पातळ प्लायवूड, जेमतेम तीन मिलिमीटर जाडीचं. त्याच्या मागे दीड इंची लाकडाच्या उभ्या-आडव्या रिपा, हात-दीड हात अंतरावर. रिपांच्या मधल्या पोकळीत उष्णता अडवणारा कापसासारखा भराव आणि त्यातूनच गेलेल्या विजेच्या तारा. बाहेरून पत्रा. झाली भिंत. काही ट्रेलरमध्ये लाकडाऐवजी ॲल्युमिनियमच्या चौकोनी नळ्या असतात, मध्ये थर्माकोलसारखा फोम आणि दोन्ही बाजूंनी पातळ पापुद्रे चिकटवून सगळं एकजीव केलेलं. तिथेही तोच प्रकार. भार पेलते ती नळी, पापुद्रा नव्हे.

ही भिंत अशी का करतात? कारण ती ओढून न्यायची आहे. विटांची भिंत चाकांवर घातली तर ओढणारी गाडी पहिल्या चढाला बसकण मारील. वजन कमी ठेवणं हा त्या घराचा धर्म आहे. प्रत्येक ट्रेलरवर, आत किती सामान भरायचं याचा आकडा लिहिलेली पट्टी लावलेली असते. तुम्ही भिंतीला जे टांगाल तेही त्याच हिशेबात येतं.

आता त्या तीन मिलिमीटरच्या प्लायवूडमध्ये स्क्रू पिळला तर त्याचे दोन-तीनच आटे लाकडाला धरतात. घर उभं असताना तेवढे पुरतातही. पण रस्त्यावर? खड्ड्यात चाक गेलं की किलोभराची फ्रेम त्या क्षणापुरती दोन-तीन किलोंची होऊन खाली ओढते. लगेच पुढच्या क्षणी उडते. असे हजारो गचके एका दिवसात. आपलं घर ज्या हादऱ्यांना भूकंप म्हणेल, ते त्या घराचं रोजचं चालणं आहे. भोक हळूहळू सैल होतं, लंबगोल होतं आणि शेवटी प्लायवूडचा तुकडा घेऊनच स्क्रू बाहेर येतो. शिवाय स्क्रू लांब निघाला तर आतली तार तरी दुखावतो किंवा थेट बाहेरचा पत्रा फोडतो. त्या बारीक भोकातून पावसाचं पाणी आत झिरपतं, रिपा कुजतात, पापुद्रे सुटतात, आणि हे बाहेरून दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो. अशी घरं अपघाताने कमी, पाण्याने जास्त मरतात.

हे सगळं सांगितल्यावर पुतण्या म्हणाला, "मग इथले लोक चिकटवायचे हुक वापरतात, ते लावू का?" लाव की. पण त्यालाही मर्यादा आहेत. हुक भिंतीला चिकटत नाही, भिंतीवरच्या कागदाला चिकटतो. उन्हात बंद ट्रेलर भट्टीसारखा तापतो, गोंद मऊ पडतो, हुक घसरतो. आणि घट्ट बसला असेल तर काढताना कागद घेऊन येतो. टोपी, किल्ली, रुमाल यांच्यासाठी हुक ठीक. विठोबासाठी नाही.

इथवर हे पुतण्याचं. आता आपलं.

आमचं म्हसावदचं जुनं घर धाब्याचं होतं. मातीची भिंत हातभर जाड. तिच्यात खुंट्या होत्या, पण त्या भिंत झाल्यावर ठोकलेल्या नव्हत्या. गवंडी भिंत रचत असतानाच घरधनीण येऊन सांगायची, इथे एक, तिथे एक, आणि तो साग-बाभळीचा खुंटा निम्मा भिंतीच्या पोटात घेऊन वर रचत जायचा. दिव्यासाठी देवळी, दूध-तुपासाठी आढ्याला शिंकं, कपड्यांसाठी वळणी. टांगायची जागा घराबरोबर जन्माला यायची. नंतर सिमेंट आलं, मग ड्रिल मशीन आलं, आणि 'आधी घर, मग बघू कुठे काय लावायचं ते' अशी सवय लागली. भिंत जाड होती तोवर ही सवय खपली. तीच सवय घेऊन आपण तीन मिलिमीटरच्या भिंतीपुढे उभे राहिलो आणि भगदाड पाडून म्हणतो, भिंत तकलादू!

पण हलत्या घरात राहण्याचं शास्त्र आपल्या मुलखाला नवीन आहे का? मुळीच नाही. फक्त ते ज्यांना येतं त्यांच्याकडून शिकायची आपल्याला लाज वाटते.

माझ्या लहानपणी गावाबाहेर गाडी लोहारांच्या गाड्या येऊन उतरायच्या. विळे, खुरपी, कोयते करून द्यायचे आणि महिना-पंधरा दिवसांनी निघून जायचे. गाडी हेच त्यांचं घर. राजस्थानातले गाडोलिया लोहार सांगतात की १५६८ साली चितोड पडलं तेव्हा त्यांच्या पूर्वजांनी शपथ घेतली, चितोड परत मिळेपर्यंत घरात राहायचं नाही, खाटेवर झोपायचं नाही. म्हणून त्यांच्या गाडीवर खाट असते ती उलटी! १९५५ च्या एप्रिलमध्ये पंतप्रधान नेहरूंनी त्यांना समारंभाने चितोडच्या किल्ल्यात नेलं आणि ती शपथ सुटली असं जाहीर झालं. तरी अनेकांच्या गाड्या थांबल्या नाहीत. ते असो. मला आठवतं ते असं की त्या गाडीवर जे काही लटकलेलं असायचं, बादली, चाळण, कोंबड्यांची डालगी, ते सगळं गाडीच्या जाड लाकडाला. नक्षीची पितळी फुलंसुद्धा त्या लाकडातच ठोकलेली. गाडीवर ताडपत्री किंवा गोधडी असायची, पण तिला कुणी काही अडकवत नसे. ताडपत्री ऊन-पावसासाठी, लाकूड भारासाठी. सातवीतल्या पोरालाही कळावं इतकं साधं.

दुसरं उदाहरण याहून जवळचं. सरदार सरोवराच्या पाण्याखाली अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली गावं गेली. मणिबेली हे त्यातलं महाराष्ट्रातलं पहिलं. तिथली माणसं उठून खाली आपल्या सपाटीवर आली तेव्हा ट्रकमधून काय उतरलं? सागाचे खांब, तुळया, वासे, कौलं. भिंती कुणीच आणल्या नाहीत. बांबूचा कुड काय, नवा विणता येतो आणि शेणा-मातीने लिंपता येतो. घर म्हणजे सांगाडा. मक्याची कणसं वाशाला, ढोल खांबाला, तीरकामठा तुळईला. कुडावर काही नाही. आपण मात्र भिंतीला घर समजतो.

आता ज्या गोष्टीसाठी हा सगळा खटाटोप, ती सांगतो. ही सांगायला मला चाळीस वर्षं लागली.

साल १९८४. मी तेव्हा प्राथमिक शाळेत चौथीचा वर्ग घेत होतो. वर्गात डोंगरातल्या पाड्यावरची एक मुलगी होती. अक्षर सुरेख, पाढे तोंडपाठ. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती आलीच नाही. तिच्यासारखी आणखी सात-आठ. कुठे गेली ते सगळ्यांना ठाऊक होतं. गुजरातेत, ऊसतोडीला, आईबापांबरोबर. खानदेशातून बारडोलीकडे जाणाऱ्या या मजुरांवर यान ब्रेमन या डच अभ्यासकाने १९७८ मध्येच लिहून ठेवलं होतं, पण ते मला फार पुढे कळलं. तेव्हा मी काय केलं? नियमाप्रमाणे वाट पाहिली, 'सतत गैरहजर' असा शेरा मारला आणि पटावरून नाव कमी केलं. वर शिक्षकांच्या बैठकीत भाषणही ठोकलं. "या पालकांना शिक्षणाची आस्थाच नाही. ज्या कोपीला धड भिंत नाही तिथे पुस्तक टिकणार कुठे?" लोकांनी माना डोलावल्या. वाक्य चांगलं जमलं होतं.

त्याच वर्षी फेब्रुवारीत नात्यातल्या लग्नासाठी मी बारडोलीकडे गेलो. परतीला एस. टी. चुकली आणि रस्त्याने चालत असताना शेताच्या कडेला ऊसतोड्यांचा पडाव दिसला. कुणीतरी "गुरुजी!" अशी हाक मारली. त्या मुलीचा बाप. त्याने हट्टाने चहाला नेलं.

कोपीत वाकून शिरावं लागलं. दोन्ही बाजूंनी टेकवलेल्या बांबूच्या चटया, वर पाचट, मध्ये एक आडवा बांबू, म्हणजे आढं. मी आतमध्ये ताठ बसू शकत होतो, उभा राहू शकत नव्हतो. डोळे अंधाराला सरावले तसं दिसू लागलं. सगळा संसार त्या आढ्याला लटकलेला होता. तान्ह्याची झोळी. भाकरीची टोपली. सुतळीला बांधलेला हाताएवढा आरसा. मिठाची पुडी. आणि सगळ्यांत मध्यभागी, जिथे पाणी गळत नाही आणि उंदीर पोचत नाही अशा जागी, खताच्या पिशवीत गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी.

मी विचारलं, "हे काय?" मुलीची आई म्हणाली, "पोरना पुस्तकं." मी बहुतेक चमकून बघितलं असावं. ती पुढे अहिराणीत म्हणाली, "भीत नही गुरुजी, पन आढं शे ना." भिंत नाही, पण आढं आहे ना. तेवढंच बोलली आणि चहाच्या कपाखाली धरायला बशी शोधू लागली.

मुलगी बापाबरोबर फडातून आली. मला बघून तिने पहिल्यांदा काय केलं असेल, तर पिशवी सोडून वही काढून दाखवली. मी दिवाळीच्या सुट्टीचा दिलेला अभ्यास, पूर्ण. तो तपासून घ्यायला ती शिमग्यानंतर शाळेत येणार होती. आणि मी तिचं नाव डिसेंबरमध्येच कमी केलं होतं.

मी तिला ते तिथे सांगितलं नाही. धीर झाला नाही. शिमग्यानंतर ती आली, तेव्हा नियम आडवे आले. पुन्हा दाखल करून घेण्यासाठी मला जेवढी धावपळ करायला हवी होती तेवढी मी केली नाही. पुढल्या वर्षी ती आलीच नाही. एवढंच.

त्या कोपीत माझ्या वर्गापेक्षा पुस्तकाला जास्त मानाची जागा होती. ती मला दिसली नाही, कारण मी भिंत शोधत होतो.

काही जण म्हणतील, गुरुजी, तुम्ही गरिबीचं कौतुक करताय. नाही. स्पष्ट सांगतो, कोपी ही लाजिरवाणी गोष्ट आहे. अवकाळी पावसात ती गळते, चुलीच्या ठिणगीने पेटते, रात्री साप शिरतो. तिथे कुणी राहू नये. पण तिथे राहणाऱ्यांना आपण अडाणी समजावं, हा हक्क कुणी दिला? भार कुठे द्यायचा आणि कुठे नाही, हे त्या आईला माझ्यापेक्षा आणि ड्रिल मशीनवाल्या माझ्या पुतण्यापेक्षा चांगलं कळत होतं. तिच्याकडे नव्हतं ते ज्ञान नव्हे, धड सांगाडा.

आणि कोपीच्या जागी आपण जे देतो ते तरी बघा. मी निवृत्तीनंतर काही ठिकाणी मजुरांसाठी बांधलेल्या पत्र्याच्या खोल्या पाहिल्या. (नावं घेत नाही, कारण नाव घेतलं की चर्चा नावाचीच होते.) चारी बाजूंनी गुळगुळीत पत्रा. वर लोखंडी नळ्या आहेत, पण इतक्या उंच की बाईचा हात पोचत नाही. आत एकही खुंटी नाही, फळी नाही, कडी नाही. मग झोळी कुठे बांधायची? पत्र्याला भोक पाडलं तर पाणी येतं आणि मुकादम ओरडतो. एका खोलीत मी बघितलं, बाळाची झोळी बाहेरच्या बाभळीला होती आणि आत सगळा संसार जमिनीवर, ओलीत. भिंत आली, आढं गेलं. कोपीपेक्षा ते घर महाग होतं, पक्कंही होतं, पण बांधणाऱ्याने एकदाही विचारलं नाही की बाई, तुम्ही काय काय टांगता?

दुसरीकडे २०२१ मध्ये आपल्या शासनाने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. म्हणजे पुतण्याच्या ट्रेलरसारखी फिरती घरं, त्यांच्यासाठी वाहनतळ, तिथे पाणी, वीज, स्वच्छतागृह. माझा त्याला विरोध नाही. आमच्या तोरणमाळला अशा चार गाड्या आल्या तर चार लोकांना रोजगार मिळेल. आमच्या सारंगखेड्याच्या घोडेबाजारातही आता पाहुण्यांसाठी तंबू लागतात. उत्तम. पण एका गोष्टीचं नवल वाटतं. हौसेने आठवडाभर हलत्या घरात राहणाऱ्याला काय काय लागेल याचा विचार करायला आपल्याकडे धोरण आहे, आणि पोटासाठी दरवर्षी पाच-सहा महिने हलत्या घरात राहणाऱ्या लाखोंना काय लागतं, हे विचारायला साधा कागदही कुणी हातात घेत नाही. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी २०२१ मध्येच संत भगवानबाबा वसतिगृहांची योजना आली, हे मान्य. मोठी पोरं तिथे राहून शिकतील, त्याहून चांगलं काय? पण तान्ही आणि शेंबडी पोरं आईबरोबरच जातात. त्यांचं अंगणवाडीचं वय कोपीत जातं. त्यांची पाटी कुठे लटकणार?

सौ. म्हणाल्या, "पोराने काच फुटली म्हणून विचारलं आणि तुम्ही त्याला ऊसतोड ऐकवली." खरं आहे. पण मला या दोन गोष्टी वेगळ्या दिसतच नाहीत. दोन्हीकडे घर हलतं. दोन्हीकडे प्रश्न तोच, भार कशाला द्यायचा. एकीकडे चुकलं तर विठोबा पडतो, दुसरीकडे चुकलं तर पोर शाळेतून पडतं.

असो. पुतण्याला सल्ला द्यायचा राहिला. तो दिला तो असा :

आधी सांगाडा शोध. बोटाने टकटक कर, पोकळ आवाज भरीव झाला की तिथे रीप आहे. खात्रीसाठी लोहचुंबक फिरव, रिपेवरच्या पिनांना तो चिकटेल. स्क्रू तिथेच, आणि लांबी मोजून, म्हणजे रिपेत रुतेल पण पलीकडे निघणार नाही इतकाच. दिव्याची बटणं आणि प्लग यांच्या सरळ वर-खाली भोक पाडू नकोस, तारा तिथूनच जातात. एकेक वस्तू सुटी टांगण्यापेक्षा दोन रिपांवर एक आडवी पट्टी बसव आणि जे काय अडकवायचं ते पट्टीला अडकव, म्हणजे भार वाटला जातो. काच मुळीच नको. लग्नाचा फोटो कापडावर छापून घे, वर-खाली काठी घाल, जुन्या पटचित्रासारखा लाव. गचका बसला तर कापड हलेल, फुटणार नाही. जड ते खाली, कपाटात. कपांची फळी काढून टाक, कप काय, ओट्याखाली राहतात.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, निघण्याआधी भिंती रिकाम्या करायच्या. मुक्कामी पोचल्यावर पुन्हा लावायच्या. ऊसतोडीचं बिऱ्हाड असंच उठतं. आढ्यावरून एकेक वस्तू उतरते, गोधडीत जाते, नव्या जागी पुन्हा आढ्याला लागते. टांगलेलं सामान घेऊन कुणी प्रवास करत नाही. विठोबाला तेवढा वेळ गोधडीत गुंडाळून पलंगावर निजवायचं.

पुतण्याने ऐकलं. पुढच्या महिन्यात फोटो आला. मऊसर लाकडाची एक लांब पट्टी, तिला सहा खुंट्या. पाचांवर टोप्या, पिशव्या, कापडी फोटो. सहावी अगदी खाली. "ही कुणाची?" मी विचारलं. "धाकटीची नाना. तिच्या हाताला येईल अशी लावली. दप्तर स्वतः अडकवते." तो फोटो मी दोनदा उघडून पाहिला.

आता तुमच्याकडे वळतो. वाचणाऱ्यांत आमच्या भावकीतली बरीच मंडळी आहेत. त्यातले काही साखर कारखान्यांत नोकरीला आहेत, काही संचालकांच्या ओळखीचे, दोघे-तिघे बांधकामाचे ठेकेदार. माझी मागणी मोठी नाही. मजुरांसाठी खोली बांधा, पत्र्याची बांधा, जशी परवडेल तशी बांधा. पण बांधताना सांगाड्याला दोन आडवी लाकडं जोडा. एक बाईच्या डोक्याच्या वर, हात पोचेल इतकं, झोळीचा भार सोसेल असं. दुसरं खाली, सहा वर्षांच्या पोराच्या खांद्याला येईल असं, चार खुंट्यांचं. खर्च किती येईल ते सुताराला विचारा आणि मला कळवा. पहिल्या दहा खोल्यांची लाकडं माझ्या पेन्शनमधून.